गोमंतकीय स्वयंपाकघरावरील पूर्वेचे ऋण

नाताळच्या दिवसांत गोव्यातील ख्रिस्ती घरांतून शेजारीपाजारी मिठाईची ताटे पाठविण्याची चाल आहे. हिंदू शेजाऱ्यांच्या घरीही ही ताटे जातात, आणि चतुर्थीला नेवऱ्या व लाडू उलट दिशेने येतात. या नाताळच्या ताटात दोदोल आणि बिबिंक हे दोन पदार्थ नसतील तर ते ताट अपुरे मानले जाते. दोदोल काळसर, तुळतुळीत, सुरीने कापता येईल इतके घट्ट. बिबिंक म्हणजे एकावर एक भाजलेल्या पातळ थरांची पिवळी-तपकिरी वडी. हे पदार्थ कोठून आले, असे कोणासही विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते: पोर्तुगीजांनी आणले.

हे उत्तर अगदीच चुकीचे नाही. पण ते अर्धेच आहे. पोर्तुगालात माड वाढत नाही. ज्या देशात नारळाचा रस नाही, माडाचा गूळ नाही, तेथल्या घरात दोदोल कसे जन्माला येणार? दोदोलचा शोध घ्यावयाचा तर पश्चिमेकडे पाहून उपयोग नाही. मुख पूर्वेकडे वळवावे लागते. जावा आणि मलाया येथील घरांत हाच पदार्थ याच नावाने आजही शिजतो. जावातील गारुत हे गाव तर दोदोलसाठीच प्रसिद्ध आहे. श्रीलंकेत तेच नाव, तीच काळी वडी. पोर्तुगीजांची गलबते ही वाट होती; उगम नव्हे.

शब्दांच्या साहाय्याने ही वाट शोधणारा थोर संशोधक गोव्याचाच होता. बार्देशातील आसगाव येथे १८५५ मध्ये जन्मलेले मोन्सिञोर सेबास्तियांव रोदोल्फु दाल्गादु यांनी पुढे लिस्बनमध्ये संस्कृतचे अध्यापन केले आणि पोर्तुगीज व आशियाई भाषांच्या देवघेवीचा प्रचंड कोश १९१९ आणि १९२१ साली दोन भागांत प्रसिद्ध केला. त्याआधीच्या, १९१३ सालच्या त्यांच्या ग्रंथात पोर्तुगीज शब्द आशियाई भाषांत कसे शिरले याची नोंद आहे. वडोदऱ्याच्या वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर तेथील प्राध्यापक अँथनी झेवियर सुवारिश यांनी केले आणि ते १९३६ मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत निघाले. पाव, बटाटा, काजू, अननस, पपई हे आपल्या रोजच्या तोंडचे शब्द त्या वाटेने आले हे आता सर्वपरिचित आहे. त्याहून कमी परिचित आहे ती दुसरी बाजू: पोर्तुगीजांच्या तोंडून गोव्यात आलेले मलायी शब्द. कोळंबीच्या ‘बालचांव’चे मूळ दाल्गादुंनी मलायी ‘बलाचान’मध्ये दाखविले आहे.

इतिहासाच्या तारखा थोडक्यात अशा. १५१० साली आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला आणि दुसऱ्याच वर्षी मलाक्का जिंकली. १५१२ मध्ये पोर्तुगीज गलबते जायफळाच्या बांदा बेटांना लागली. १५५७ च्या सुमारास मकाऊची वसाहत झाली. या साऱ्यांची राजधानी गोवा. मलाक्का १६४१ मध्ये डचांच्या हाती गेली, तरी मकाऊ आणि तिमोर यांचा कारभार १८४४ पर्यंत गोव्याकडूनच चालत होता. तीनशे वर्षांहून अधिक काळ शिपाई, खलाशी, पाद्री आणि अधिकारी या बंदरांमध्ये ये-जा करीत होते. अनुकूल वाऱ्याची वाट पाहत महिनोन्‌महिने ते एकेका बंदरात राहत, संसार थाटीत, आणि बदली झाली की घरातील माणसांसह दुसऱ्या बंदरी जात.

घरातील माणसे म्हणजे कोण, हे मात्र तारखांच्या यादीत सापडत नाही. गोव्यातील श्रीमंतांच्या घरी नाना देशांतून आणलेले गुलाम असत. १५८३ पासून सुमारे पाच वर्षे गोव्यात राहिलेल्या लिन्स्कोटेन या डच प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, मालक आपल्या गुलाम स्त्रियांकडून फळांचे मुरंबे आणि गोडधोड करवून घेत, ते रस्त्यावर विकावयास पाठवीत आणि त्या उत्पन्नावर आपला संसार चालवीत. चुलीपुढे कोण बसत होते याची ही दुर्मीळ साक्ष आहे. पाककृती सेनापतींनी आणल्या नाहीत. ज्यांची नावेही कोणी टिपून ठेवली नाहीत अशा बायकांच्या हातांतून त्या आल्या, असेच मानणे सयुक्तिक ठरते.

अर्थात पूर्वेशी आपला संबंध पोर्तुगीजांपासूनच सुरू झाला असे मात्र नाही. मलाक्का पडण्यापूर्वीच खंबायतच्या गुजराती व्यापाऱ्यांची तेथे मोठी वस्ती होती. जायफळ तर आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत ‘जातीफल’ म्हणून आढळते, आणि ते त्या काळी बांदा बेटांखेरीज जगात कोठेच पिकत नव्हते. आज इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरात श्रीखंडावर आणि पुरणात जे जायफळ उगाळले जाते, तेच बिबिंकीतही पडते. उपवासाचा साबूदाणाही त्याच दिशेचा. त्याच्या नावात मलायी ‘सागू’ आहे. मूळचा साबूदाणा तिकडच्या एका ताडजातीच्या झाडाच्या गाभ्यातून निघे. आपण खातो तो मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या एका कंदापासून बनतो. खिचडीतील मिरची, शेंगदाणे आणि बटाटेही अमेरिकेचेच. इतक्या परदेशी वस्तू पोटात घेऊन ती खिचडी उपवासाला पवित्र ठरली, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

परंतु शब्द आला, कृती आली, म्हणून पदार्थ रुजतोच असे नाही. गोव्यात हे पदार्थ रुजले याचे कारण असे की, जावा, मलाया, फिलिपाइन्स आणि कोकणपट्टी या साऱ्या किनाऱ्यांवर एकच झाड उभे आहे. माडाचा रस, माडाचा गूळ आणि माडाची सूर या तीन गोष्टी दोन्हीकडे आधीपासून होत्या. आलेल्या बाईला हाताशी ओळखीचे साहित्य मिळाले, आणि स्थानिक बाईला नवा पदार्थ परका वाटला नाही.

दोदोलचेच पाहा. घरगुती प्रमाण म्हणजे पाव किलो तांदळाचे पीठ, अर्धा किलो माडाचा गूळ आणि तीन नारळांचा रस. पहिला दाट रस आणि नंतरचा पातळ रस वेगवेगळे काढतात. पातळ रसात पीठ कालवावयाचे, गूळ विरघळवून गाळून घ्यावयाचा, आणि सर्व कल्हई केलेल्या जाड बुडाच्या तांब्याच्या भांड्यात मंद विस्तवावर ठेवावयाचे. दाट रस मागाहून. मग खरी परीक्षा हातांची. दीड-दोन तास लाकडी डाव थांबता कामा नये. प्रथम मिश्रण पातळ असते. पुढे पिठातील स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि ते एकदम जड होते. नवशिक्याला वाटते, झाले. तेव्हा विस्तवावरून उतरविले तर वडी चिकट आणि कच्ची लागते. पाणी आटत जाऊन नारळाचे तेल सुटू लागले, मिश्रण कडा सोडून एका गोळ्यासारखे डावाबरोबर फिरू लागले, म्हणजे ते तयार झाले. सुटलेले तेल वडीला तुकतुकी देते, आणि पाणी कमी व गूळ पुष्कळ असल्यामुळे ती कित्येक दिवस टिकते. समुद्रप्रवासात असा पदार्थ सोयीचा का ठरला असेल, हे वेगळे सांगावयास नको.

येथेच जावा आणि गोवा यांत एक फरक आहे. तिकडे चिकट तांदळाचे पीठ वापरतात. त्या तांदळात अमायलोज हा घटक जवळजवळ नसतो, म्हणून तिकडचे दोदोल थंड झाल्यावरही ताणले जाते, दातांना धरते. गोव्यात साध्या तांदळाचे पीठ घेतात. त्यातील अमायलोज निवताना घट्ट बसते, आणि सुरीने सरळ कापता येणारी वडी होते. वर काजूचे तुकडे. काजू ब्राझीलहून आलेला. पदार्थ तोच, नाव तेच, परंतु खाताना दोन्ही निराळे. गोव्याचे दोदोल ही जावाच्या दोदोलची नक्कल नव्हे असे म्हणता येते ते यामुळेच.

बिबिंकीची कथा अधिक गुंतागुंतीची. एका मठातील जोगिणीने ती प्रथम केली आणि तिच्याच नावावरून पदार्थाचे नाव पडले, अशी एक आख्यायिका सांगतात. पण मकाऊमध्ये ‘बेबिंका’ नावाचा दुधाचा पदार्थ आहे, फिलिपाइन्समध्ये ‘बिबिंग्का’, श्रीलंकेत ‘बिबिक्कन’. नावांचा एवढा मोठा गोतावळा समुद्राच्या दोन्ही बाजूंस पसरलेला पाहिला म्हणजे त्या आख्यायिकेवर फार भार टाकवत नाही. गोव्याच्या बिबिंकीत अंड्यांच्या बलकांची जी चंगळ असते, ती मात्र पोर्तुगालची देणगी म्हणावी. तिकडच्या मठांतील मिठाया बलकांनीच भरलेल्या असतात. बलक पश्चिमेचे, नारळाचा रस आपला, जायफळ बांदाचे.

दहा-बारा बलक, अर्धा किलो साखर, पाव किलो मैदा, दोन-तीन नारळांचा दाट रस, किंचित मीठ आणि जायफळ यांचे सरबरीत मिश्रण करून ते गाळून घेतात. पसरट भांड्यात चमचाभर तूप तापवून एक पळी मिश्रण ओततात आणि झाकणावर नारळाच्या करवंट्यांचे निखारे ठेवतात. वरचा पापुद्रा तपकिरी झाला की झाकण उचलून पुन्हा तूप, पुन्हा एक पळी. थर निदान सात. हौस आणि सवड असेल त्याप्रमाणे सोळापर्यंत. तीन-चार तास लागतात आणि घाई चालत नाही. एक थर पुरता भाजण्यापूर्वी दुसरा ओतला तर दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि कापल्यावर रेघा दिसत नाहीत.

वरूनच विस्तव का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. खालून आच दिली तर पहिला थर प्रत्येक फेरीत पुन्हापुन्हा तापेल आणि शेवटचा थर होईपर्यंत त्याचा कोळसा होईल. वरची आच फक्त नव्या थराच्या पृष्ठभागाला लागते. साखर आणि प्रथिने तेथेच तपकिरी होतात, आणि खालचे थर मऊ राहतात. फिलिपाइन्समध्ये केळीच्या पानावर भाजली जाणारी बिबिंग्का खाली-वर निखारे ठेवूनच होते. इंडोनेशियात डचांच्या काळी रूढ झालेला ‘लापिस लेगित’ हा मसाल्याचा थरांचा केकही असाच एकेक थर वरून भाजतात.

मग ही युक्तीही परकीच काय? तसे म्हणता येत नाही. कोकणात काकडीचे धोंडस किंवा तवसाळी करताना पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवण्याची रीत जुनी आहे. हैदराबादेत बिर्याणीला दम देताना झाकणावर निखारे असतातच. ज्या घरांत भट्टी नव्हती तेथे गृहिणींनी झाकणालाच भट्टी केले. नवा पदार्थ आला तेव्हा त्यासाठी लागणारी आच येथील हातांना ठाऊक होती.

बालचांवमध्ये याहूनही मोठा बदल झाला. मलायी बलाचान म्हणजे खारवून, आंबवून, उन्हात वाळविलेल्या बारीक कोळंबीची वडी. उग्र वासाची, किंचितच वापरावयाची. मकाऊत तिचे झाले ‘बालिशांव’. गोव्यात मसाल्यात सुका जवळा घालण्याची जुनी पद्धत त्या मूळ पदार्थाची आठवण देते, परंतु मुख्य रूप पालटून गेले: लाल मिरची, लसूण, आले आणि मसाले माडाच्या शिर्क्यात वाटून त्यांत मुरविलेली कोळंबी. टिकविण्याचे काम मिठाकडून शिर्क्याकडे आले. आज मलायी माणसाला गोव्याचे बालचांव ओळखू येणार नाही.

हा शिर्का कोठून येतो हे पाहिले म्हणजे साऱ्या प्रकरणाचा कणा हाती लागतो. माडाचा न उमललेला फुलोरा बांधून, ठोकून त्याचे टोक रेंदेर आपल्या कातीने पातळ छेदतो. त्यातून ठिबकणारा रस भांड्यात गोळा होतो. ताज्या रसात शेकडा १२ ते १५ भाग साखर असते. भांड्याला आतून चुना लावला तर तो आंबत नाही. तो आटविला की काळा गूळ होतो, आणि सात-आठ लिटर रसातून जेमतेम किलोभर गूळ निघतो. चुना लावला नाही तर हवेतील आणि भांड्यातील यीस्ट लगेच कामाला लागते. काही तासांत सूर फसफसते. ती तशीच ठेवली तर काही दिवसांनी आंबट होत होत शिर्का बनते. गूळ म्हणजे दोदोल, शिर्का म्हणजे बालचांव, आणि मधली फसफसणारी सूर म्हणजे सान्नां व पाव.

सान्नां दिसावयास इडलीसारखी, पण तिची फुगण्याची रीत वेगळी. इडलीचे पीठ उडदातील जिवाणूंच्या बळावर रात्रभर आंबते. सान्नांच्या तांदूळ-खोबऱ्याच्या वाटणात सूर घातली की यीस्टमुळे दोन-तीन तासांत ते वर येते. गोव्यात पाव करू लागलेल्या पोदेरांनीही सुरीनेच पीठ फुगविले, कारण युरोपातील यीस्ट येथे नव्हते. सुरीच्या उंड्याला येणारा मंद आंबूस गोडपणा ज्यांनी चाखला आहे त्यांना आजचा पाव पोकळ वाटतो, आणि तो त्यांचा निव्वळ स्मरणरंजनाचा दोष नव्हे. सुरीत यीस्टबरोबर जे जिवाणू असतात, त्यांची चव विकतच्या यीस्टमध्ये येऊ शकत नाही. आज बहुतेक भट्ट्यांत विकतचेच यीस्ट वापरले जाते.

कारण रेंदेर उरले नाहीत. एकेका माडावर दिवसातून तीन वेळा चढावयाचे: सकाळ-संध्याकाळ रस उतरविण्यास आणि दुपारी फुलोरा छेदण्यास. पावसाळ्यातही खोड निसरडे म्हणून सुट्टी नाही, कारण छेद चुकला की रस आटतो. धोका मोठा, प्राप्ती थोडी, आणि प्रतिष्ठा त्याहून थोडी. रेंदेरांची मुले जहाजांवर गेली, आखाती देशांत गेली, कचेऱ्यांत गेली. त्यांना दोष कोणी द्यावा? २०२३ मध्ये गोव्याच्या बिबिंकीला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु बिबिंकीला नारळ पुरतो, माडावर रोज चढणारा माणूस लागत नाही. दोदोलला आणि सान्नांना तो लागतो, आणि नामांकनाने तो मिळत नाही. २०१६ मध्ये कायद्यातील दुरुस्तीने गोव्यात माडाला ‘वृक्ष’ या व्याख्येतूनच वगळले होते. लोकांनी गजर केला आणि २०१७ मध्ये तो पुन्हा वृक्ष ठरला. झाड वाचविण्यासाठी लोक पुढे आले. झाडावर चढणाऱ्याकडे अद्याप तितके लक्ष गेलेले नाही.

गोव्याबाहेरच्या घरांत हे पदार्थ करावयाचे झाल्यास काही तडजोडी चांगल्या साधतात, काही साधत नाहीत. बिबिंक ओव्हनच्या वरच्या आचेवर उत्तम होते. खालची आच मात्र पहिला थर झाल्यावर बंदच ठेवावी, आणि वड्या पूर्ण निवल्याखेरीज कापू नयेत. सान्नांसाठी नारळाच्या पाण्यात चमचाभर साखर आणि चिमूटभर यीस्ट घालून ते फसफसेपर्यंत ठेवावे; पीठ चांगले फुगते, सुरीचा गंध तेवढा येत नाही. दोदोलला उसाचा गूळ घातला तर वडी होते, पण ती नुसती गोड लागते; धुरकट, किंचित खारट अशी जी खोली माडाच्या गुळात असते ती तीत उतरत नाही. त्यापेक्षा दक्षिणेकडचा ताडगूळ किंवा बंगाली शिंदीचा गूळ मिळाला तर घ्यावा. आणि डाव हलविण्यासाठी घरात दोन माणसे तरी असावीत.